विलोचा खोडवा आणि तेलाचा भाव

ग्रेगोर मेंडेलचा वाटाण्यांवरचा निबंध १८६६ साली छापून आला. त्याच्या शेवटच्या भागात मेंडेलने एक अडचण नोंदवून ठेवली आहे. वाटाण्याच्या संकरात दबलेले गुण पुढच्या पिढीत पुन्हा डोकं वर काढतात, हे त्याने दाखवलं होतं. पण काही वनस्पतींचे संकर असे फुटत नाहीत, शुद्ध जातीसारखे पिढ्यानपिढ्या एकसारखे राहतात, असं दुसरे संशोधक सांगत होते. या वनस्पतींमध्ये विलो होता आणि त्याचा साक्षीदार होता माक्स विखुरा. हा पेशाने कायद्याचा माणूस, राहणार प्रशियातल्या ब्रेस्लाउचा, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या व्रोत्सवाफचा. विलोचे संकर करण्याचा त्याला नाद होता. एका जातीची मादी, दुसरीचा नर, त्यांच्या संततीला तिसरी जात, असं करत त्याने एकाच झाडात सहा जातींचं रक्त आणलं आणि १८६५ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. याच खटपटीतून उद्या घरं उबदार ठेवणारं आणि मोटारी चालवणारं इंधन निघेल, या आशेवर सरकारं कधीकाळी पैसे लावतील, हे त्याच्या स्वप्नातही आलं नसणार.

आपल्याकडे विलो ओळखला जातो तो बॅटीमुळे. काश्मिरी असो की इंग्लिश, बॅट होते उंच वाढणाऱ्या पांढऱ्या विलोची. या कुळात मात्र तीनशेहून अधिक जाती आहेत. सह्याद्रीतल्या नद्या-ओढ्यांच्या काठी उगवणारा वाळुंज हा त्यांतलाच. इंधनाच्या गोष्टीतले विलो बॅटीचे नव्हेत. ती आहेत थंड प्रदेशातली, टोपल्या विणायच्या काड्यांसाठी वाढवलेली झुडपं. उसाचा शेतकरी त्यांची शेती पाहताक्षणी ओळखेल. हिवाळ्यात तोडलेल्या फांदीच्या वीतभर कांड्या वसंतात जमिनीत खोचतात, हेक्टरी साधारण पंधरा हजार. पहिल्या वर्षाअखेर झाड जमिनीलगत छाटलं की बुडख्यातून फुटव्यांचा झुबका येतो. मग दर तीन वर्षांनी तोड. फरक इतकाच की आपला खोडवा दोन-तीन वर्षांत मोडावा लागतो आणि विलोचा वीस-पंचवीस वर्षं चालतो.

पैदास करणाऱ्याच्या दृष्टीने या झाडात एक मोठी सोय आणि एक मोठी अडचण आहे. सोय अशी की हजार रोपांतलं एक मनासारखं निघालं तर त्याच्याच कांड्या तोडून लावायच्या; वाण तयार. गव्हासारखं सात-आठ पिढ्या शुद्ध करत बसायला नको. अडचण अशी की विलोत नर आणि मादी झाडं वेगळी असतात. त्यामुळे मेंडेलने वाटाण्यात केलं तसं स्वपरागण करता येत नाही. प्रत्येक झाड आधीच संकरित, कुणाचं कुळ कुठवर पोचलंय ते सांगणं कठीण. भर म्हणून गुणसूत्रांचा गोंधळ. काही जातींत त्यांचे दोन संच, काहींत चार, काहींत सहा. विखुराची समजूत चुकली ती इथेच. स्वीडनमधल्या निल्स हेरिबेर्ट-निल्सोनने विलोंचे मोठ्या संख्येने संकर केले आणि १९१८ मध्ये दाखवून दिलं की विलोही मेंडेलचे नियम पाळतो. फक्त गुण इतके आणि जनुकं इतकी, की थोडीथोडकी झाडं पाहून फूट ध्यानात येत नाही. मेंडेलला ही बातमी ऐकायला मिळायला हवी होती. गंमत म्हणजे ज्याने विलोत मेंडेलची बाजू राखली, तोच हेरिबेर्ट-निल्सोन पुढे उत्क्रांतिवादाचा कडवा विरोधक झाला.

हे सगळं चालू होतं तोवर विलोचा बाजार टोपल्यांचा होता. इंग्लंडमध्ये सॉमरसेटच्या पाणथळ सपाटीवर हजारो एकरांत टोपल्यांचे विलो उभे असत. पहिल्या महायुद्धात तोफगोळे वाहायला विलोच्या टोपल्या लागल्या, दुसऱ्यात विमानातून छत्रीने रसद टाकायला विणलेल्या पेट्या लागल्या. पहिलं युद्ध संपल्यावर, १९२२ मध्ये, ब्रिस्टलजवळच्या लाँग अ‍ॅश्टन संशोधन केंद्रात विलोच्या वाणांचा संग्रह सुरू झाला. केंद्र मुळात फळं आणि सफरचंदाच्या मद्यासाठी काढलेलं. विलो तिथे पाहुणा म्हणून आला. पुढे प्लास्टिक आलं, टोपल्यांचा धंदा बसला. अशा वेळी कुठल्याही हिशेबी अधिकाऱ्याने तो मळा नांगरून टाकायला हवा होता. केन स्टॉट या संशोधकाने तो वर्षानुवर्षं सांभाळला, वाढवला, जगभरातून कांड्या मागवून लावल्या. मला विचाराल तर या साऱ्या इतिहासातला सर्वांत दूरदृष्टीचा निर्णय हाच, आणि तो घेताना तेलाचा विचार कुणाच्या डोक्यातही नव्हता.

तेलाचा विचार डोक्यात शिरला तो ऑक्टोबर १९७३ मध्ये. अरब-इस्रायल युद्ध पेटलं, अरब देशांनी तेल रोखलं आणि काही महिन्यांत पिंपाचा भाव तीन डॉलरच्या आसपासून बाराच्या घरात गेला. स्वीडनला हा फटका फार जिव्हारी लागला. देशाच्या ऊर्जेचा सुमारे तीन चतुर्थांश भाग आयात तेलातून येत होता आणि तिथला हिवाळा वाट पाहत नाही. जंगल भरपूर होतं, पण ते कागदगिरण्यांच्या तोंडी. तेव्हा गुस्ताफ सिरेन या वनशास्त्रज्ञाने ‘ऊर्जावन’ ही कल्पना मांडली: जंगलातली झाडं सत्तर-ऐंशी वर्षं वाढू देण्याऐवजी झपाट्याने वाढणारी झुडपं शेतासारखी लावायची, तीन-चार वर्षांनी कापायची, चिपा करून जाळायच्या आणि गावाला नळांतून गरम पाणी पुरवायचं. १९७६ पासून या कामाला सरकारी पैसा मिळू लागला. १९८० च्या सार्वमतानंतर अणुभट्ट्याही टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरलं, तेव्हा विलोचा भाव आणखी वधारला.

हाताशी झाडं होती ती टोपल्यांची. अठराव्या शतकात युरोपच्या मुख्य भूमीवरून स्वीडनमध्ये आलेला विमिनालिस जातीचा विलो माळरानांवर, ओढ्यांकाठी रुजला होता. संशोधकांनी ठिकठिकाणची उत्तम झाडं हेरून त्यांना वर्षाचे आकडे जोडून क्रमांक दिले. ७८-१८३ हे त्यांतलं एक गाजलेलं झाड. पहिल्या लागवडी दलदलीच्या, इतर पिकांना नालायक जमिनीत केल्या, कारण चांगली जमीन धान्याची असा समज. तिथे उशिरा पडणाऱ्या हिमदवाने कोंब जळले, तणाने रोपं गिळली. चांगल्या जमिनीवर विलो नेल्यावर तो वाढला. पण तिथे त्याचे दोन जुने वैरी टपलेले होते.

पहिला तांबेरा. गव्हाचा नव्हे, त्याचा चुलतभाऊ, मेलाम्प्सोरा नावाची बुरशी. ही वसंतात लार्चच्या झाडावर बसते, तिथून उडून विलोच्या पानांखाली येते, नारिंगी पुळ्या फोडते आणि ऐन वाढीच्या दिवसांत पान गाळते. एका वर्षाच्या तांबेऱ्याने झाड मरत नाही. पण अशक्त झाड कापल्यावर फुटवे कमी येतात, मग दुसऱ्याच रोगाने बुडखा कुजतो. उत्तर आयर्लंडमध्ये ‘कोर्सो’ नावाच्या वाणावर लोकांची फार भिस्त होती. उत्पन्न डोळ्यांत भरण्यासारखं. १९८० च्या दशकाच्या मध्याला तांबेऱ्याने त्याला असं गाठलं की तो वाण लागवडीतून बादच झाला. कांडीपासून वाढवलेलं सारं शेत म्हणजे एकच झाड हजारदा लावलेलं. बुरशीला एका झाडाची किल्ली सापडली की सगळं शेत उघडं. उत्तर आयर्लंडच्या संशोधकांनी यावर साधा तोडगा काढला: एकाच शेतात पाच-सहा वाण मिसळून लावायचे. तांबेरा उशिरा आला, सौम्य आला आणि मिश्र शेताचं उत्पन्न टिकलं. दुसरा वैरी निळा भुंगेरा. विमिनालिसची पानं त्याला विशेष प्रिय. ज्या विलोंच्या पानांत सॅलिसिनच्या कुळातली कडू रसायनं जास्त, त्यांच्यापासून तो चार हात दूर राहतो. अ‍ॅस्पिरिनची पूर्वज असलेली हीच रसायनं पुढे या गोष्टीत पुन्हा येतील.

१९८७ मध्ये स्वीडनच्या स्वालोफ या बियाणे कंपनीने विलोची पद्धतशीर पैदास हाती घेतली. हे वर्ष ध्यानात ठेवण्यासारखं आहे. आदल्याच वर्षी तेलाचा भाव कोसळून दहा डॉलरच्या आसपास आला होता. म्हणजे ज्या संकटावर उतारा म्हणून विलो हवा होता, ते संकट संपल्यावर पैदाशीला सुरुवात झाली. याला कुणाचा नाकर्तेपणा म्हणता येणार नाही. पैदासकाराचं घड्याळच वेगळं चालतं.

ते कसं चालतं ते पाहू. हिवाळ्यात नर आणि मादी झाडांच्या फांद्या तोडून पाण्यात घालून काचघरात ठेवतात, म्हणजे फुलांचे मऊ तुरे अवेळी उमलतात. दोन जाती वेगवेगळ्या वेळी फुलत असतील तर नराचे परागकण गोठवून ठेवायचे. ब्रशाने किंवा तुराच घासून मादीवर पराग टाकायचे आणि दुसरा पराग पोचू नये म्हणून ती फांदी वेगळी ठेवायची. काही आठवड्यांत म्हाताऱ्या उडाव्यात तसं कापसाळलेलं बी निघतं. ते इतकं बारीक आणि इतकं अल्पायुषी की लगेच ओल्या मातीवर पेरलं नाही तर वाया जातं. उन्हाळ्याअखेर रोप कमरेइतकं. मग कांड्या तोडायच्या, छोट्या वाफ्यात लावायच्या, रोग-कीड पाहायची, बहुतेक फेकून द्यायची. उरलेल्यांची निरनिराळ्या हवामानांत चाचणी. तोड तीन वर्षांनी. एका तोडीवर विश्वास ठेवायचा नाही म्हणून दुसरी तोड. अशी दहा-बारा वर्षं गेली की हजारो रोपांतून एखाददुसरं नाव धारण करायला लायक ठरतं.

स्वालोफचे पैदासकार स्टिग लार्सोन यांनी उत्तर सापडेल म्हणून पूर्वेकडे पाहिलं. सायबेरियाकडून आलेला श्वेरिनाय जातीचा विलो तांबेऱ्याला दाद देत नव्हता. त्याचा ‘ओर्म’ या विमिनालिस वाणाशी संकर केला, आणि त्यातून ‘तोरा’ निघाली. तोरा मादी, तिचा भाऊ ‘ब्योर्न’ही वाण म्हणून पुढे आला. सरळ, उंच, पान स्वच्छ. पुढच्या कितीतरी वाणांच्या वंशावळीत तोरा किंवा तिची भावंडं दिसतात. कोइंबतूरला उसाच्या रानटी भाऊबंदाशी संकर करून ‘को २०५’ काढला होता, तीच ही युक्ती: घरच्या गुणी झाडात दूरच्या रानटी नातेवाइकाचा काटकपणा उतरवायचा.

दरम्यान राजकारणाने विलोला अनपेक्षित हात दिला. १९९० च्या सुमारास स्वीडनने शेतमालाचे हमीभाव सैल केले, धान्याखालची जमीन मोकळी करायची होती. १९९१ मध्ये कार्बन कर लागू झाला, त्यामुळे कोळसा आणि तेल जाळून पाणी तापवणं महाग झालं. वर विलो लावणाऱ्याला हेक्टरी दहा हजार क्रोनर अनुदान. काही वर्षांतच लागवड पंधरा हजार हेक्टरांच्या आसपास गेली. एन्शपिंग या गावाने तर कमाल केली. सांडपाण्याच्या शुद्धीकरणातून उरणारं नत्रयुक्त पाणी शेजारच्या विलोला द्यायचं, विलो गावच्या औष्णिक केंद्रात जाळायचा, राख पुन्हा शेतात घालायची. आजही विलोचं भलं बोलायचं असलं की लोक एन्शपिंगचं नाव घेतात.

पण १९९५ मध्ये स्वीडन युरोपीय संघात गेला, धान्याला पुन्हा अनुदान आलं, विलोचं अनुदान तीन हजार क्रोनरवर उतरलं आणि नवी लागवड जवळजवळ थांबली. नंतर दोन हजारांहून अधिक शेतांच्या नोंदी तपासल्या गेल्या तेव्हा पहिल्या तोडीचं सरासरी उत्पन्न हेक्टरी वर्षाला अडीच-पावणेतीन टन कोरडं लाकूड इतकंच निघालं. चाचणी-शेतांत हाच आकडा दहाच्या पुढे जात होता. अनेकांनी अनुदानापुरतं लावलं होतं. पहिल्या वर्षी भांगलण केली नाही, खत दिलं नाही. वाण कितीही नामी असला तरी तणात सोडलेल्या विलोची जनुकं काय करणार?

इंग्लंडचा धडा याहून कडवट. १९९६ मध्ये लाँग अ‍ॅश्टन आणि स्वीडिश पैदासकार यांची भागीदारी झाली आणि टोपल्यांसाठी जपलेल्या त्या संग्रहाला अचानक मोल आलं. नव्या वाणांपैकी दोघांना ‘अ‍ॅश्टन स्टॉट’ आणि ‘अ‍ॅश्टन पार्फिट’ ही केंद्राची आणि तिथल्या माणसांची नावं मिळाली. बाकीच्यांना जहाजांची: ‘बीगल’, ‘एंडेव्हर’, ‘रिझोल्यूशन’, ‘डिस्कव्हरी’, ‘टेरा नोव्हा’, ‘एन्ड्युरन्स’. अंटार्क्टिकावर निघालेल्या शॅकल्टनचं एन्ड्युरन्स जहाज बर्फात चिरडून बुडालं होतं हे नाव ठेवणाऱ्यांना अर्थातच ठाऊक होतं. वाण मात्र तरला. बुडाली ती वीज. यॉर्कशरमध्ये एगबरो इथे ‘आर्ब्र’ नावाचं केंद्र उभं राहिलं. विलोच्या चिपांचा वायू करून त्यावर टर्बाइन चालवायचं, आठ मेगावॉट वीज काढायची. शेतकऱ्यांनी करार करून हजाराहून अधिक हेक्टरांवर विलो लावला. वायू करण्याचं तंत्र नवं होतं, ते जमता जमेना. केंद्र जेमतेम काही दिवस चाललं आणि २००२ च्या उन्हाळ्यात कंपनी अवसायनात गेली. शेतात उभं पीक, गिऱ्हाईक नाही. जवळच्या बाजारात विकता येईल असा हा माल नव्हता. चिपांनी भरलेली ट्रॉली दूर नेली की भाड्यातच नफा संपतो. यॉर्कशरच्या शेतकऱ्यांच्या मनातून विलो उतरला तो त्याच्या दोषामुळे नव्हे. पुढच्याच वर्षी, २००३ मध्ये, लाँग अ‍ॅश्टनही बंद झालं. संग्रह मात्र वाचला, कारण कांड्या हर्टफर्डशरमधल्या रॉथॅमस्टेडला नेऊन लावल्या होत्या. आज तिथे सुमारे शंभर जातींचे दीड हजार नमुने आहेत.

आणि मग तेलाचा भाव पुन्हा चढला. २००८ च्या जुलैत पिंप १४७ डॉलरला गेलं. या वेळी मागणी निराळी होती. १९७३ ला उष्णता हवी होती, आता टाकीत ओतायचं द्रव इंधन. अमेरिकेत मक्यापासून इथेनॉल निघत होतं, पण धान्य महागलं आणि ‘पोटाचं धान्य गाडीत’ असा गदारोळ झाला. अमेरिकेच्या २००७ च्या कायद्याने २०२२ पर्यंत ३६ अब्ज गॅलन जैवइंधनाचं उद्दिष्ट ठेवलं. त्यातले १६ अब्ज लाकूड, काड, गवत यांतल्या सेल्युलोजपासून यायचे होते. ब्रिटनने २००९ मध्ये जैवऊर्जेचं संशोधन केंद्र काढलं आणि त्यातल्या पैदाशीच्या कामाचं नेतृत्व रॉथॅमस्टेडच्या अँजेला कार्प यांच्याकडे आलं. पैदासकाराला आता नवाच प्रश्न होता. जास्त लाकूड देणारा विलो हाती होता. त्या लाकडातून साखर सहज सुटेल का?

लाकडातलं सेल्युलोज म्हणजे साखरेच्याच साखळ्या. पण त्यांच्याभोवती लिग्निनचा लेप असतो आणि साखर सोडवणारी विकरं त्यातून आत शिरू शकत नाहीत. उष्णता आणि आम्लाने आधी लाकूड मोकळं करावं लागतं, त्यातच पैसा जळतो. जनुकशास्त्राचं खरं काम इथे सुरू झालं. मेंडेलची स्वपरागणाची पद्धत लागू नाही म्हटल्यावर रॉथॅमस्टेडच्या मंडळींनी एकाच आई-बापाचं अवाढव्य कुटुंब वाढवलं होतं: ‘के ८’, भावंडं ९४७. प्रत्येकाच्या डीएनएवरच्या खुणा एका बाजूला, त्याची उंची, जाडी, तांबेरा, साखर दुसऱ्या बाजूला, आणि कोणती खूण कोणत्या गुणाबरोबर चालते ते पाहायचं. तांबेऱ्याला रोखणारी एक मोठी जागा अशीच सापडली. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजबरोबर केलेल्या कामात साखर सुटण्याशी निगडित चार जागा मिळाल्या, ५, १०, ११ आणि १६ या क्रमांकांच्या गुणसूत्रांवर. त्याहून मोलाची गोष्ट ही की साखर सुटणं आणि लाकडाचं वजन यांचा आपसांत संबंध नव्हता. एक मिळवायला दुसरं गमवायला नको. दोन्ही एकाच झाडात आणता येण्यासारखी. फुटवे किती येणार हे ठरवण्यात ज्याचा हात असतो असं एक जनुकही त्यांनी हेरलं, आणि ते खरोखर काम करतं का हे पाहायला विलोतून काढून मोहरीच्या कुळातल्या अ‍ॅराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेच्या लाडक्या रोपात घातलं.

या सगळ्यात मला भावलेला शोध वाऱ्याचा आहे. विलो कलला तर सरळ व्हायला धडपडतो आणि त्या धडपडीत खोडाच्या वरच्या बाजूला वेगळंच लाकूड घालतो. त्याच्या तंतूंत जवळजवळ निव्वळ सेल्युलोजचा थर असतो. इम्पीरियलच्या संशोधकांनी कुंड्या ४५ अंशांत तिरक्या ठेवून विलो वाढवले, तर काही वाणांनी भरपूर साखर सोडली, काहींनी नाही. म्हणजे यातही जनुकांचा हात होता. मग त्यांनी स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांवर वाढलेले विलो तपासले, जिथे वारा झाडाला उभं राहू देत नाही. आडोशाला वाढलेल्या त्याच वाणांच्या मानाने तिथल्या लाकडातून पाचपटीपर्यंत साखर सुटली. ज्या जमिनीवर दुसरं काही धड पिकत नाही, तिथलंच लाकूड सर्वांत गोड.

अटलांटिकपलीकडे गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजच्या वनविद्यापीठात टोरंटो विद्यापीठाच्या मदतीने १९८० च्या दशकात विलो लावले गेले. स्वीडनचे नामांकित वाण तिथे टिकले नाहीत, कारण बटाट्यावरच्या तुडतुड्यांनी त्यांचा फडशा पाडला. म्हणून पैदासकारांनी जपानकडच्या मियाबेआना जातीचा आधार घेतला. तिच्यात गुणसूत्रांचे चार संच, विमिनालिसमध्ये दोन. संतती तीन संचांची. अशी झाडं सहसा वांझ, पण इथे बी कुणाला हवंय? लाकूड हवं, आणि ते यांनी आई-बापांपेक्षा जास्त दिलं. लॅरी स्मार्ट यांनी सिरॅक्यूजला आणि २००९ पासून कॉर्नेल विद्यापीठात हे काम चालवलं. इथे वाणांना नावं मिळाली न्यूयॉर्कमधल्या गावांची नि ओढ्यांची: ‘फेबियस’, ‘प्रेबल’, ‘टली चॅम्पियन’, ‘फिश क्रीक’. फिश क्रीकची आई होती १९९४ मध्ये रानातून उचललेली पर्प्युरिया जातीची मादी, क्रमांक ९४००६. युरोपीय वसाहतवाल्यांनी टोपल्यांसाठी आणलेली जात केव्हाच रानटी झाली होती. त्याच ९४००६ चा पूर्ण जीनोम पुढे अमेरिकी ऊर्जा खात्याच्या संस्थेने वाचला. पॉप्लरचा जीनोम २००६ मध्येच वाचून झाला होता. विलो त्याचा सख्खा चुलतभाऊ, त्यामुळे नकाशा आयता मिळाला. लिंग ठरवणारी जागा मात्र दोघांत वेगळी निघाली: बहुतेक पॉप्लरांत १९ व्या गुणसूत्रावर आणि नराकडून ठरणारी, तपासलेल्या बऱ्याच विलोंत १५ व्या गुणसूत्रावर आणि मादीकडून. फूल येण्याची वाट न पाहता रोपातच नर-मादी ओळखता येऊ लागली, तेवढी पैदासकाराची सोय.

इतकं सगळं हाती आलं आणि २०१४ मध्ये तेल पुन्हा कोसळलं. सेल्युलोजपासून इथेनॉल करणारे मोठे कारखाने नुकते उभे राहत होते. ड्युपाँटने अमेरिकेतल्या आयोवा राज्यात २०१५ मध्ये मक्याच्या ताटांवर चालणारा कारखाना काढला आणि दोनच वर्षांत तो सोडून दिला. कायद्यातले १६ अब्ज गॅलन कागदावर राहिले. जे कारखाने जगात पुढे आले, त्यांनीही कच्चा माल म्हणून मुद्दाम लावलेलं झाड न घेता शेतातला फुकट जाणारा पाचोळा पसंत केला. पुण्याच्या प्राज कंपनीच्या तंत्रावर पानिपतला २०२२ मध्ये सुरू झालेला इंडियन ऑइलचा कारखानाही भाताच्या पेंढ्यावर चालतो. पेंढा यंदाच्या हंगामात मिळतो. त्यासाठी बारा वर्षं संकर करत बसावं लागत नाही. विलोपासून मोटारीचं इंधन हे स्वप्न प्रयोगशाळेत खरं ठरलं, पंपावर कधी आलंच नाही. त्याची उष्णता आणि वीज मात्र खरी आहे. शिवाय सांडपाणी गाळायला, ओढ्याचा काठ धरून ठेवायला, न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर वाऱ्याने येणारा बर्फ अडवायलाही तो लावतात.

संग्रहातून आणखी एक अनपेक्षित गोष्ट निघाली. २०२० मध्ये रॉथॅमस्टेडच्या रसायनशास्त्रज्ञांना मियाबेआनात सॅलिसिनच्या कुळातलं एक नवं संयुग सापडलं, मियाबेआसिन. प्रयोगशाळेत वाढवलेल्या काही कर्करोगपेशींना, लहान मुलांना होणाऱ्या न्यूरोब्लास्टोमाच्या पेशींनाही, ते मारक ठरलं. औषध व्हायला अजून लांबचा पल्ला आहे. भुंगेऱ्याला कडू लागणारं रसायन म्हणून पैदासकार ज्याकडे पाहत होते, त्याच घराण्यातलं हे.

२०२० मध्येच ब्रिटनच्या हवामान समितीने शिफारस केली की निव्वळ कार्बन उत्सर्जन शून्यावर आणायचं तर दरवर्षी सुमारे २३ हजार हेक्टरांवर नवी ऊर्जापिकं लावावी लागतील. देशात विलो होता तो काही हजार हेक्टर. त्यानंतर सरकारने पैदास वेगात करण्यासाठी रॉथॅमस्टेडला पैसा दिला, आणि २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर वायूचे भाव भडकले तेव्हा लोकांना विलोची पुन्हा आठवण झाली. पैदासकारांचा भर आता डीएनए पाहून रोपटेपणीच निवड करण्यावर आहे, म्हणजे दोन तोडींची वाट पाहण्यातली काही वर्षं वाचतील. ती युक्ती साधली नाही आणि जुनाच हिशेब धरला, तर २०२२ च्या हिवाळ्यात काचघरात फुलवलेल्या तुऱ्यांतून निघालेला वाण शेतकऱ्याला मिळेल २०३४ च्या आसपास.